कोयनेल, बिट्ट्या आणि आत्याची वही

फेब्रुवारीत अकोल्याचं घर आवरायला काढलं तेव्हा माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत आत्याची वही सापडली. लाल पुठ्ठ्याची, लांबट, दुकानात हिशेबाची म्हणून मिळते ती. आत हिशेब एकही नाही. २००५ ते २००७ या काळात आत्याने रोज सकाळी मोठ्या आईचं मनगट धरून, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मोजलेले नाडीचे ठोके, एवढंच. बाजूला गोळ्या, तिच्या भाषेत. 'पांढरी बारकी', 'पाण्याची', 'नवी मोठी'. आणि मधूनच एखादा शेरा. 'आज दोन पोळ्या.' 'झोप नाही.' 'शेजारी लग्न, बॅन्डचा त्रास.'

मे २००६ च्या एका पानावर ठोक्यांच्या आकड्यापुढे लिहिलंय, 'म्हणते सारं पिवयं दिसते.'

आत्या शाळेत मराठी शिकवायची. वहीत सगळीकडे तिची भाषा पुस्तकी आहे, फक्त या ओळीत तिने मोठ्या आईचे शब्द जसेच्या तसे उतरवलेत. त्या दिवसांत मी पुण्याहून फोन करायचो तेव्हा मोठी आई मलाही म्हणाली होती, "भिंत पिवयी, भात पिवया, तुह्या आत्याचं तोंडही पिवयं." आम्ही हसलो होतो. मग कुणीतरी म्हणालं कावीळ असेल, कुणी म्हणालं मोतीबिंदू पिकला असेल. आणि सगळ्यांचं शेवटी एकमत झालं ते नेहमीच्या वाक्यावर. वय झालं.

वही मिटून ठेवली असती, पण आता बाबांनाही तेच दुखणं आहे आणि त्यांच्या डबीत त्या 'नव्या मोठ्या' गोळीचीच पुढची पिढी आहे. म्हणून गेले काही महिने या गोळ्यांचा इतिहास जमेल तसा वाचत बसलो. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगून टाकतो (काकू, तू वाचत असशील तर यातलं काही स्वतःच्या मनाने करू नकोस, आधी डॉक्टरांना विचार).

दुखणं म्हणजे काय तर हृदयाचे वरचे दोन कप्पे एका तालात आकुंचन पावायचे सोडून नुसते थरथरत राहतात. एट्रियल फिब्रिलेशन. नाडी हाताला लागते ती अगदी बेताल, कधी तीन ठोके घाईने, मग एक रिकामी जागा, मग पुन्हा दोन. मोठ्या आईच्या शब्दांत, "छातीत कबूतर हाय." वय वाढतं तसं हे वाढतं. आणि अशा बेताल हृदयाला आवरायला माणसाने जी औषधं शोधली त्यातली जवळपास सगळीच आधी दुसऱ्याच कशासाठी तरी होती. आणि बरीचशी विषाच्या घरातली.

'पांढरी बारकी' म्हणजे डिगॉक्सिन. तिचा मूळपुरुष इंग्लंडमधलं एक रानफूल, फॉक्सग्लव्ह, शास्त्रीय नाव डिजिटॅलिस. विल्यम विदरिंग नावाच्या डॉक्टरला १७७५ च्या सुमारास श्रॉपशायरमधल्या एका म्हाताऱ्या बाईचा घरगुती काढा कळला. अंगावर सूज आलेल्या, बड्या डॉक्टरांनी हात टेकलेल्या माणसांना ती तो द्यायची. काढ्यात वीसेक वनस्पती होत्या. विदरिंग वनस्पतिशास्त्राचा जाणकार, त्याने ओळखलं की काम करणारी वनस्पती यात एकच आहे. पुढची दहा वर्षं त्याने ती दीडशेहून जास्त माणसांना दिली आणि १७८५ साली सगळ्या नोंदींचं पुस्तक छापलं. बरे झालेले, न झालेले, मेलेले, सगळे त्यात आहेत.

आणि त्याच पुस्तकात, औषधाची मात्रा जास्त झाली तर काय होतं त्या यादीत, मळमळ, उलट्या, मंदावलेली नाडी यांच्या शेजारी त्याने लिहून ठेवलंय की माणसाला वस्तू हिरव्या किंवा पिवळ्या दिसतात. १७८५! म्हणजे मोठी आई जे अकोल्यात खाटेवर बसून सांगत होती ते सव्वादोनशे वर्षांपूर्वी छापून झालेलं होतं, आणि आम्ही हसत होतो. विदरिंगचा नियमही साधा होता. औषधाचा परिणाम लघवीवर, पोटावर, नाडीवर किंवा शौचावर यांपैकी कुठेही पहिल्यांदा दिसला की थांबायचं.

बरं, हे फूल परदेशी असलं तरी त्याचा गुण आपल्याला अनोळखी नाही. अमरावतीच्या जुन्या घराच्या कुंपणाला पिवळ्या कण्हेरीचं झाड होतं. फुलं महादेवाला आणि बिट्ट्या आम्हाला. त्या टणक बिया घासून गुळगुळीत करून आम्ही दुपारभर खेळायचो आणि आतून मोठी आई ओरडायची, "तोंडात घालसान तं मरसान!" तिचं अगदी खरं होतं. बिट्टीत जी विषं आहेत ती डिजिटॅलिसच्याच जातकुळीतली. इतकी सख्खी, की डिगॉक्सिनच्या विषबाधेवर तयार केलेला उतारा श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी बिट्टीची विषबाधा झालेल्यांवर वापरून पाहिला आणि तो लागू पडला. तो अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. कुंपणावर बाहेर जे झाड होतं त्याचीच चुलत बहीण पुढे घरात, मोठ्या आईच्या डबीत येऊन बसली होती, असं म्हणायला हरकत नाही.

डिजिटॅलिस नेमकं कुणाला द्यायचं हे कळायला मात्र पुढे शंभरावर वर्षं लागली, आणि इथे मला वऱ्हाडाचा एक लांबचा धागा सापडला. लँकेशायरमधलं बर्नली हे कापड विणणाऱ्या गिरण्यांचं गाव. अमेरिकेतल्या यादवीत, १८६१ ते १८६५, तिकडचा कापूस बंद झाला तेव्हा लँकेशायरच्या नजरा हिंदुस्थानातल्या कापसाकडे वळल्या आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. १८७० मध्ये खामगावच्या कापूस बाजारापर्यंत रेल्वेचा फाटा आला तो यासाठीच. त्या बर्नलीत १८७९ पासून जेम्स मॅकेन्झी हा साधा गल्लीतला डॉक्टर होता. गिरणीतले मजूर, त्यांच्या बायका, बाळंतपणं, सगळं बघायचा. त्याला नाद होता नाडीच्या नोंदींचा. मनगटावरची आणि मानेतल्या शिरेची लय एकाच वेळी कागदावर उमटवणारं यंत्र त्याने बनवून घेतलं आणि तेच ते रुग्ण वर्षानुवर्षं तपासत राहिला. हृदयाची झडप खराब असलेल्या एका बाईच्या नोंदी तो १८८० पासून ठेवत होता. १८९८ च्या सुमारास तिची नाडी एकदम बेताल झाली आणि मानेतल्या नोंदीतून वरच्या कप्प्याची लाट गायब झाली. थरथरीची ही नोंद कुठल्या विद्यापीठात झाली नाही, गिरणगावातल्या एका दवाखान्यात झाली. १९०९ मध्ये टॉमस लुईसने नव्या ईसीजी यंत्रावर ती थरथर पक्की दाखवून दिली. आणि डिजिटॅलिसचा सर्वात जास्त उपयोग याच बेताल नाडीला होतो, ती लयीत येत नाही पण तिची धावपळ कमी होते, हे मॅकेन्झीने आपल्या नोंदींवरूनच सांगितलं.

आत्याची वही हातात असताना हे वाचलं. असो.

१९३० मध्ये इंग्लंडच्याच एका औषध कंपनीत सिडनी स्मिथने डिजिटॅलिसच्या दुसऱ्या एका जातीच्या पानांतून शुद्ध डिगॉक्सिन वेगळं काढलं आणि काढ्याची गोळी झाली. आपल्याकडे ही गोळी देण्याची एक खास रीत आहे. आठवड्यातून पाच दिवस घ्यायची, दोन दिवस सुट्टी. मोठ्या आईची सुट्टी शनिवार-रविवारी. तिचं स्पष्टीकरण असं, की शनिवार मारुतीचा आणि रविवारी सरकारी हापिसं बंद. खरं कारण, औषध अंगात साचू नये. डिगॉक्सिन मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं. धडधाकट माणसात निम्मं औषध जायलाच दीड-दोन दिवस लागतात, मूत्रपिंड थकलेलं असलं तर चार-पाच. सुट्ट्या घालण्यापेक्षा रोजची मात्राच कमी ठेवणं सरळ, असं आता मानतात. अमेरिकेत मार्क बीअर्स या वृद्धांच्या डॉक्टरने १९९१ मध्ये म्हाताऱ्या माणसांना जपून द्यायच्या औषधांची यादी सुरू केली, तिच्या पुढच्या आवृत्त्यांत डिगॉक्सिन दिवसाला ०.१२५ मिलिग्रॅमच्या वर नको असं आहे. मोठ्या आईची 'पांढरी बारकी' ०.२५ ची होती. तिचं वजन एक्केचाळीस किलो.

आता 'नव्या मोठ्या'कडे येतो. हिचं नाव अमायोडॅरोन, आणि हिची जन्मकथा या सगळ्यांत फिरस्ती आहे. इजिप्तमध्ये खेल्ला नावाची बडीशेपेच्या कुळातली वनस्पती आहे, तिचा काढा तिथले लोक मुतखड्यावर घेतात. १९४६ मध्ये कैरोत काम करणाऱ्या अनरेप या रशियन शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की आपल्या प्रयोगशाळेतला मदतनीस हा काढा घेतो आणि त्याचं छातीत दुखायचं थांबलंय. त्या धाग्यावरून बेल्जियममधल्या एका प्रयोगशाळेने १९६१ मध्ये अमायोडॅरोन तयार केलं, छातीत दुखण्यावरचं औषध म्हणून. ते हृदयाचा ताल आवरतं हे दाखवलं ऑक्सफर्डमध्ये १९७० साली, व्हॉन विल्यम्स यांच्या हाताखाली काम करणाऱ्या ब्रम्हा सिंग यांनी. हे सिंग फिजी बेटांवर जन्मलेले, भारतीय वंशाचे. पुढे ब्वेनोस आयरेसच्या रोझेनबाऊम यांनी ते रुग्णांमध्ये वापरून १९७६ मध्ये जगापुढे मांडलं. इजिप्त, बेल्जियम, फिजी, अर्जेंटिना आणि शेवटी अकोला.

गोळी गुणी आहे. जिथे बाकीची औषधं हरतात तिथे ही ताल राखते, आणि कमजोर हृदयालाही झेपते. पण तिच्या वजनाचा सदतीस टक्के भाग आयोडीन आहे. २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत ७५ मिलिग्रॅम. माणसाची रोजची गरज ०.१५ मिलिग्रॅम. यातलं सगळं काही रक्तात सुटत नाही, तरी रोज जे सुटतं ते गरजेच्या कितीतरी पट होतं. त्यामुळे थायरॉईड बिघडतो, कधी मंदावतो, कधी उधळतो. शिवाय गोळी चरबीत, यकृतात, फुप्फुसात, कातडीत मुरून बसते. घेणं थांबवलं तरी निम्मी जायला सरासरी पन्नास-साठ दिवस. डोळ्यांच्या बुबुळावर बारीक थर बहुतेक सगळ्यांनाच येतो, त्याने सहसा नजर बिघडत नाही. फुप्फुसाला सूज येणं सर्वात वाईट, म्हणून नवा कोरडा खोकला किंवा दम लागला तर तो हवेवर ढकलायचा नसतो. आणि ऊन. ही गोळी घेणाऱ्याची कातडी उन्हाने भाजते, वर्षानुवर्षं घेतली तर चेहऱ्याचा उघडा भाग निळसर करडा पडू शकतो. युरोपातल्या पुस्तकांत याबद्दल दोन ओळी असतात, उन्हाळी सुट्टीत टोपी घाला वगैरे. ज्या गावात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या खाली आला तर लोक 'आज बरं हाय' म्हणतात, त्या गावासाठी त्या लिहिलेल्या नाहीत.

आणि मोठ्या आईच्या कामाची गोष्ट ही की अमायोडॅरोन सुरू केलं की रक्तातलं डिगॉक्सिन वाढतं, जवळजवळ दुप्पटही होतं. म्हणून एक सुरू करताना दुसरं निम्मं करायचं असतं. हे १९८० च्या दशकापासून माहीत आहे.

वहीत पाहिलं तर सगळं ओळीने दिसतं. डिगॉक्सिन अमरावतीच्या जुन्या डॉक्टरांचं, दहा-बारा वर्षांपासूनचं. पायाला सूज येते म्हणून पाण्याची गोळी अकोल्यातल्या दुसऱ्या एकांची. फेब्रुवारी २००६ मध्ये धडधड फार वाढली म्हणून तिला बाहेरगावी मोठ्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी 'नवी मोठी' दिली. त्यांनी विचारलं होतं आधीचं काय चालू आहे, आणि आम्ही, म्हणजे सोबत गेलेला मी आणि चुलतभाऊ, म्हणालो, "एक पांढरी बारकी आणि एक पाण्याची." पुढे त्यांनी काही विचारलं नाही, आम्ही काही सांगितलं नाही. कागद अकोल्यात राहिले होते. बरीच वर्षं मी त्या डॉक्टरांवर चिडून होतो. आता तेवढा चिडत नाही, कारण पिशवी घरी विसरणारा मीच होतो.

मार्चमध्ये ठोके ६८, ६६. एप्रिलमध्ये ५८. शेरे: 'जेवणावर वासना नाही', 'ताकही नको म्हणते'. मेच्या पहिल्या आठवड्यात ५२. कूलर लावला, वाळ्याचं पाणी, पन्हं, सगळं झालं. उन्हाने घाम, जेवण नाही, वर पाण्याच्या गोळीने लघवीवाटे पोटॅशियम जातंय, आणि पोटॅशियम कमी झालं की डिगॉक्सिनची नांगी अधिक तीव्र होते. ४८. पिवळं दिसतं. ४४. त्या दिवशी आत्याने शेऱ्याच्या जागी फक्त एक रेघ ओढली आहे.

तिला ज्या दवाखान्यात नेलं तिथे रात्रपाळीला एक पोरगेला डॉक्टर होता. त्याने आत्याला पहिलं सांगितलं, "मावशी, घरातल्या साऱ्या गोळ्या घेऊन या. चूर्णबी, काढेबी." आत्याने प्लास्टिकची पिशवी टेबलावर उपडी केली. त्यात अर्जुनारिष्टाची बाटलीही निघाली, ती कुणी आणली हे अजून घरात कबूल झालेलं नाही. त्याने स्ट्रिपा एकापुढे एक मांडल्या, मग मोठ्या आईला विचारलं, "आजी, काही वेगळं दिसते का?" तिने सांगितलं. तो हसला नाही. रक्त तपासायला बाहेरगावी पाठवलं, पण अहवालाची वाट न बघता डिगॉक्सिन त्याच रात्री बंद केलं, पोटॅशियम भरून काढलं, चार दिवस यंत्राला लावून ठेवलं. पाचव्या दिवशी मोठी आई म्हणाली, "भात पांढरा हाय आज." वहीतही ते आहे, तारखेसकट. त्यानंतर ती पाच वर्षं जगली.

हृदयाच्या तालाच्या औषधांनी अशा फसवणुकी घाऊक प्रमाणातही केल्या आहेत. आपल्याकडे जुनी माणसं ज्याला कोयनेल म्हणतात ते क्विनाईन. इंग्रजी अमदानीत टपाल कचेरीत त्याच्या स्वस्त पुड्या मिळायच्या, हिवतापावर. कान वाजायचे, डोकं गरगरायचं, तरी लोक घ्यायचे. १९१२ मध्ये वेन्केबाख या डच डॉक्टरकडे जावा-सुमात्राकडून परतलेला एक व्यापारी आला. बेताल नाडीची तक्रार. डॉक्टर म्हणाले याला उपाय नाही. व्यापारी म्हणाला, मला ठाऊक आहे, हवं तर उद्या सकाळी ताल लावून येतो. आणि आला! हिवतापासाठी घेतलेल्या कोयनेलने ताल बसतो हे त्याचं त्याला कळलं होतं. १९१८ मध्ये फ्रे या जर्मन डॉक्टरने कोयनेलचंच भावंड असलेलं क्विनिडीन यासाठी जास्त गुणकारी ठरवलं आणि पुढे पन्नासेक वर्षं ते जगभर चाललं. काही माणसं मात्र ते घेता घेता अचानक चक्कर येऊन पडायची, काही उठायचीच नाहीत. १९६४ मध्ये अशा रुग्णांचे ईसीजी बघून कळलं की ताल लावायचं औषधच जास्त भयंकर बेताल निर्माण करत होतं.

यातून शहाणपण आलं म्हणावं तर १९८० च्या दशकात अमेरिकेत पुन्हा तेच. हृदयविकाराच्या झटक्यानंतर ज्यांचे जादा ठोके पडतात ते मरण्याचा धोका जास्त, तेव्हा ठोके दाबा म्हणजे माणूस वाचेल, हा सरळ हिशेब. एनकेनाईड, फ्लेकेनाईड ही औषधं ठोके दाबायची झकास. लाखो लोकांना दिली जात होती. मग कुणीतरी म्हणालं, निम्म्यांना औषध आणि निम्म्यांना खोटी गोळी देऊन बघू या. १९८९ मध्ये तो प्रयोग मध्येच थांबवावा लागला. अंतिम आकडे १९९१ मध्ये छापले. औषधवाल्या ७५५ जणांपैकी ६३ मेले, खोट्या गोळीवाल्या ७४३ पैकी २६. ईसीजीचा कागद सुंदर दिसत होता आणि माणसं जात होती.

आपल्या मातीतलंही एक औषध या यादीत आहे, ते फार कुणाला माहीत नसतं. सर्पगंधा. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचं नागार्जुन वनौषधी उद्यान पाहिलं असेल तर अशा झाडांची जातकुळी तुम्हाला ठाऊक असेल. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये पन्नास रुग्णांवरचा अभ्यास छापून रक्तदाबावरचा सर्पगंधेचा गुण जगाला दाखवला, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. त्या औषधाने काही माणसं उदास होत, हेही पुढे कळलं. पण त्याआधी १९३१ मध्ये दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दीकी यांनी याच मुळातून एक द्रव्य काढलं आणि कॉलेजचे संस्थापक हकीम अजमल खान यांच्या नावावरून त्याला अजमलीन म्हटलं. सिद्दीकी पुढे पाकिस्तानात गेले. अजमलीन जर्मनीत गेलं आणि तिथे बेताल हृदयावरचं औषध झालं. आज ते मुख्यतः तपासणीत वापरतात. ब्रुगाडा नावाच्या आनुवंशिक दोषात ईसीजी वरून साधा दिसतो, अजमलीन टोचलं की लपलेला दोष उघडा पडतो. दिल्लीच्या हकिमांचं नाव असं युरोपातल्या तपासणीच्या खोल्यांत रोज घेतलं जातं.

आता बाबा. वय शहात्तर, मुक्काम अमरावती. गेल्या वर्षी ताल बिघडला, बीटा ब्लॉकरने गळून गेल्यासारखं व्हायला लागलं, हातपाय गार, रात्री विचित्र स्वप्नं, म्हणून डॉक्टरांनी विचार करून अमायोडॅरोन दिलं. सोबत रक्त पातळ करायची गोळी, कारण थरथरणाऱ्या कप्प्यात गुठळी होते आणि ती मेंदूत जाऊ शकते. ही जुन्या पद्धतीची गोळी आहे, वॉरफरीनच्या घराण्यातली. वॉरफरीन १९४८ मध्ये उंदरांचं विष म्हणून बाजारात आलं होतं, हे मी बाबांना अजून सांगितलेलं नाही. अमायोडॅरोनने तिचाही जोर वाढतो, म्हणून सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासून तिची मात्रा जवळजवळ निम्मी केली. पालेभाजीने तिचा जोर उतरतो. आमच्या घरी अंबाडीची भाजी आणि भाकर म्हणजे सण. बाबांनी ऐकलं आणि भाजी पूर्णच सोडली, पुन्हा महिनाभराने रक्त बिघडलं. डॉक्टर म्हणाले, सोडू नका, आठवड्याला जेवढी खाता तेवढीच खात राहा. तेव्हापासून बुधवार आणि शनिवार अंबाडी किंवा मेथी, पंचांगात लिहिल्यासारखं.

एप्रिलमध्ये अमरावतीला गेलो. बाहेर त्रेचाळीस, आणि बाबा पंखा बंद करून बसलेले. म्हणाले, "वारं बोचते." आवाज जरा जाड. चेहरा सुजल्यासारखा. दिवसभर झोपलेले, पेपरसुद्धा अर्धा वाचून ठेवलेला. आई म्हणाली, "वय झालं आता यांचं."

ते वाक्य ऐकलं आणि मला वहीतली रेघ आठवली. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्या गोळ्या पिशवीत भरून डॉक्टरांकडे गेलो. मी विचारलं, थायरॉईड कधी पाहिला होता? गोळी सुरू करताना पाहिला होता, सहा महिन्यांनी परत बघायचा राहिला होता, तारीख कागदावर होती आणि तो कागद फ्रीजवर चुंबकाखाली. आमचाच आळस. टीएसएच आला ३८. साधारण पाचाच्या आत हवा. डॉक्टर म्हणाले, अमायोडॅरोन बंद करायची गरज नाही, ताल चांगला आहे, थायरॉईडची गोळी देऊ, पण अगदी कमी मात्रेपासून चढवत, कारण हृदय आहे. छातीचा एक्स-रे पाहिला, यकृताची तपासणी केली, ठीक निघालं. 'मग जन्मभर का ही?' असं बाबांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, दर सहा महिन्यांनी आपण दोघं मिळून ठरवू. मला ते उत्तर आवडलं.

पाच आठवड्यांनी बाबांनी स्वतः पंखा लावला. आईने मला मुद्दाम फोन करून सांगितलं.

उन्हाचं मात्र जमत नाही. डॉक्टरांनी बजावलंय, पूर्ण बाह्यांचा सदरा, डोक्याला दुपट्टा, अकरा ते चार बाहेर नाही. बाबांचं म्हणणं, शेतात पन्नास वर्षं उन्हात काढली, आता काय सावलीत बसू? जूनच्या सुरुवातीला अर्धा तास बडनेऱ्याच्या फलाटावर उभे राहिले आणि हातावर भाजल्यासारखे लाल चट्टे उठले. तेव्हापासून दुपट्टा बांधतात, पण चौकातल्या मित्रांनी बघू नये म्हणून गल्ली ओलांडल्यावर.

आत्याची वही मी त्यांना नेऊन दिली. पंचवीसेक पानं कोरी होती. मला वाटलं होतं जपून ठेवतील. त्यांनी मोठ्या आईच्या शेवटच्या नोंदीखाली एक ओळ सोडून आपली तारीख घातली आणि लिहायला सुरुवात केली. ठोके, वजन, कोणत्या गोळ्या, भाजी कोणती. परवा फोनवर वाचून दाखवत होते. ठोके ६२. वजन ६४. अंबाडी झाली. मी सहज विचारलं, पिवळं वगैरे काही दिसतं का? थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "थांब, बाहेर पाहून सांगतो." आणि खरंच उठून गेले.